सकाळी उठल्यावर हातपाय लुळे, रक्तातले पोटॅशियम २.१ : मुलाच्या आजाराबद्दल विचारायचे आहे

राजेंद्रनगरची आई, इंदूर

नमस्कार. माझा मुलगा १६ वर्षांचा असून अकरावीत शिकतो. गेल्या अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या, मिरवणुकीत तो आमच्या भागातल्या आखाड्याबरोबर रात्रभर लाठी फिरवीत चालला, पहाटे चारच्या सुमारास घरी आला, मित्रांनी आणलेले पोहे आणि जिलबी पोटभर खाऊन झोपला, आणि सकाळी साडेआठला त्याने मला हाक मारून सांगितले, ‘आई, मला उठवत नाहीये.’ मला वाटले की अंग दुखत असेल. मी चादर बाजूला केली, पायाला चिमटा काढला, तर चिमटा त्याला नीट कळत होता. परंतु पायाच्या बोटांपलीकडे त्याला काहीही हलवता येत नव्हते. कपाळावर माशी बसली होती आणि ती उडवायला त्याचा हात वर येत नव्हता. बोलणे मात्र स्वच्छ होते, गिळता येत होते आणि तो पूर्ण शुद्धीवर होता.

शेजारच्या मुलांनी त्याला खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावरून खाली आणले. जवळच्या एका लहान रुग्णालयात जागरणाचा आणि उपाशीपोटीचा अशक्तपणा समजून त्याला ग्लुकोजची बाटली लावण्यात आली. ती अर्धी संपेपर्यंत त्याची मान एका बाजूला कलंडू लागली. त्यावेळी आम्ही घाबरून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले, तिथे आधी ईसीजी काढला, रक्त तपासले आणि पोटॅशियम २.१, म्हणजे फारच कमी, निघाले. तोंडावाटे पोटॅशियमचे औषध सुरू झाले, संध्याकाळी तो उठून बसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आला. डिसेंबरमध्ये चुलत बहिणीच्या लग्नानंतरच्या सकाळी पुन्हा तसेच झाले. थायरॉइडचा रिपोर्ट सामान्य आहे. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांनी हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस, म्हणजे रक्तातले पोटॅशियम उतरून अधूनमधून येणारा लुळेपणा, हे निदान सांगितले, आणि नंतर केलेल्या जनुकीय तपासणीत सीएसीएनए१एस या जनुकातला दोष सापडला. तोच दोष माझ्या रक्तातही निघाला, मला मात्र आयुष्यात एकही झटका आलेला नाही.

हे लिहिताना मला माझे वडील आठवतात. ते इथल्या एका कापड गिरणीत कामाला होते आणि वर्षातून तीन-चार सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येत नसे. घरात त्याला ‘बाबांचा वात’ म्हणत. तेल चोळले जाई, शेक दिला जाई, आणि दुपार उलटली की ते आपोआप चालू लागत, त्यामुळे कोणी पुढे विचारच केला नाही.

मुलाला सध्या झटके टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी सुरू आहे आणि त्याच्या हातापायांच्या बोटांना सतत मुंग्या येतात. ती गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का, त्याने आखाडा कायमचा सोडावा का, पुढच्या वर्षी बारावीच्या परीक्षेच्या सकाळी झटका आला तर काय करायचे, आणि माझ्या ११ वर्षांच्या मुलीचीही तपासणी आताच करून घ्यावी का, हे मला समजून घ्यायचे आहे. डॉक्टर सांगतात ते ऐकतेच आहे, परंतु ज्यांच्या घरात हा आजार आहे अशा माणसाशी मी अजून एकदाही बोललेली नाही.

जुना रुग्ण, लोकमान्यनगर

ताई, मी ४३ वर्षांचा आहे आणि मला हा आजार वयाच्या १५ व्या वर्षापासून आहे. आपण लिहिलेली माशीची गोष्ट वाचून मी थोडा वेळ थांबलो, कारण बाहेरच्या माणसाला या आजारातली ही गोष्ट कधीच कळत नाही. मनुष्य जागा असतो, सर्व ऐकत असतो, आणि खोलीतले लोक त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलत असतात. शाळेत असताना माझ्या एका शिक्षकांनी हे परीक्षेच्या भीतीने केलेले ढोंग आहे असे वर्गात सांगितले होते. माझे निदान व्हायला नऊ वर्षे लागली. आपल्या मुलाचे निदान चार महिन्यांत झाले, ही गोष्ट फार मोलाची आहे.

माझा अनुभव सांगतो. औषधाचे प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. झटका एकाएकी येत नाही, त्याची चाहूल लागते आणि ती ओळखायला शिकावे लागते. माझ्या बाबतीत आधी मांड्या भरून येतात, जिना चढताना पाऊल नेहमीपेक्षा उशिरा उचलले जाते, आणि तहान लागते. त्या वेळी आडवे पडणे सर्वांत वाईट. मी ठरलेले पोटॅशियमचे सिरप भरपूर पाण्यात मिसळून घोट घोट घेतो आणि घरातल्या घरात सावकाश फेऱ्या मारत राहतो. निम्म्याहून अधिक वेळा झटका तिथेच मागे फिरतो. बाजारात साधारण मिळणाऱ्या सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (हे पोटॅशियम मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते, तर एका मध्यम केळ्यात साधारण १० असते आणि त्याबरोबर साखरही पोटात जाते. म्हणून ‘केळी खाऊ घाला, नारळपाणी पाजा’ हा सल्ला लोक प्रेमाने देत असले तरी झटका सुरू झाल्यावर त्यावर विसंबू नये.

खाण्याच्या बाबतीत आपल्या शहरात राहून संयम पाळणे कठीण आहे हे मी जाणतो. रात्री उशिरा सराफ्याच्या खाऊबाजारात जाऊन मालपुवा, जिलबी, साबुदाण्याची खिचडी असे पोटभर खायचे आणि घरी येऊन लगेच झोपायचे, हा माझ्यासाठी दुसऱ्या दिवशीचा झटका ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग होता. मी गोड पूर्ण सोडलेले नाही. दुपारी, थोडे, जेवणाबरोबर खातो आणि त्यानंतर तासभर हालचाल करत राहतो. रात्रीचे जेवण आठच्या आत, भात कमी, वरण-भाजी जास्त. खारट शेव-फरसाण मात्र मी जवळजवळ बंद केले, कारण जास्त मीठही मला सोसत नाही.

आखाड्याबद्दल मी त्याला नाही म्हणणार नाही. मी स्वतः रोज पाऊण तास चालतो. खूप कष्ट करून मग एकदम विसावा घेतला की स्नायू रुसतात, म्हणून व्यायाम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे हळूहळू चालत अंग निववावे. रात्रभर लाठी फिरवून पहाटे जिलबी खाणे आणि झोपणे, यात तिन्ही कारणे एकाच वेळी जुळून आली होती. आणखी एक गोष्ट. झोपेत झटका आला तर उशाजवळ सिरप असूनही हात पोहोचत नाही, म्हणून त्याच्या खोलीत कोणीतरी झोपावे, किंवा निदान त्याची हाक ऐकू येईल इतके दार उघडे ठेवावे.

निवृत्त डॉक्टर, इंदूर

मी वैद्यकशास्त्र शिकवीत असताना या आजाराचे मोजकेच रुग्ण पाहिले. सुमारे एक लाख लोकांत एकाला तो होतो असे मानले जाते, त्यामुळे लहान रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो कधी पाहिलेलाच नसणे शक्य आहे. तरीही ग्लुकोजची बाटली का घातक ठरली हे प्रत्येक नातेवाइकाला समजले पाहिजे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शरीरातले जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंत असते. रक्तात फार थोडे फिरते आणि त्याची सामान्य पातळी ३.५ ते ५.० असते. या आजारात झटक्याच्या वेळी पोटॅशियम शरीराबाहेर गेलेले नसते. ते रक्तातून स्नायूंच्या पेशींत सरकलेले असते. गोड किंवा पिठूळ पदार्थ पोटात गेले, अथवा शिरेतून ग्लुकोज दिले, की इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन हेच पोटॅशियम पेशींच्या आत ढकलते. म्हणजे आधीच रिकाम्या होत चाललेल्या रक्तातून उरलेले पोटॅशियमही त्या बाटलीने आत लोटले. जोरदार श्रमांत स्नायूंतून बाहेर पडलेले पोटॅशियम विसाव्याच्या वेळी परत आत जाते, म्हणून झटका पळताना येत नाही, पळून झोपल्यावर येतो.

मग निरोगी माणसाला जिलबी खाल्ल्यावर असे का होत नाही? स्नायूच्या पेशीच्या आवरणात विद्युतदाबातला बदल टिपणारे प्रथिनांचे भाग असतात. आपल्या मुलाच्या जनुकातल्यासारख्या दोषांत बहुतेक वेळा त्या भागातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाची जागा दुसरे अमिनो आम्ल घेते आणि तिथे एक बारीक गळती राहून जाते. रक्तातले पोटॅशियम ठीक असेपर्यंत स्नायू ती गळती सोसतो. पोटॅशियम उतरले की पेशीचा विद्युतदाब ढळतो, सोडियमची दारे मिटलेल्या अवस्थेत अडकतात, आणि मज्जातंतूने आणलेला आदेश दारापर्यंत पोहोचूनही स्नायू आकुंचन पावत नाही. संवेदनेचा मार्ग वेगळा असल्यामुळे चिमटा कळतो.

यातून उपचाराचा दुसरा धोकाही लक्षात येईल. पोटॅशियम हरवलेले नसून केवळ जागा बदललेले असल्यामुळे झटका ओसरताना ते परत रक्तात येते; त्या वेळेपर्यंत घाईने जास्त दिलेले असेल तर पातळी धोकादायक रीतीने वर जाऊ शकते. म्हणून शक्य तोवर तोंडावाटे, वजनाच्या हिशोबाने, टप्प्याटप्प्याने द्यावे, मध्ये मध्ये रक्त तपासावे आणि ईसीजीवर लक्ष ठेवावे. गिळता येत नसेल, श्वास अपुरा पडत असेल किंवा छातीत धडधड होत असेल तर घरी थांबू नये. श्वासाचे स्नायू सहसा वाचतात, परंतु ‘सहसा’ या शब्दावर रात्र काढू नये.

थायरॉइड तपासले हे योग्य झाले. आशियाई पुरुषांत, विशेषतः विशीपासून चाळिशीपर्यंत, थायरॉइडचे संप्रेरक वाढल्यामुळे अगदी असाच लुळेपणा येतो आणि थायरॉइडवर उपचार केल्यावर तो थांबतो. मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या दोषामुळे, जुलाबांमुळे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूच्या तापातही पोटॅशियम उतरून हातपाय गळालेले रुग्ण येतात. आयुर्वेदिक काढ्यातले ज्येष्ठमध रोज आणि बराच काळ घेतल्यानेही पोटॅशियम घटते. आपल्या मुलाला ते देऊ नये. दम्यासाठीचे साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइडची इंजेक्शने यांनीही झटका येऊ शकतो, म्हणून साध्या खोकल्यासाठी कोणाकडे गेलात तरी आजाराचे नाव आधी सांगावे. अँडरसन-टाविल सिंड्रोम नावाच्या याच कुळातल्या आजारात हृदयाचे ठोकेही बिघडतात. जनुकाचा रिपोर्ट आल्यामुळे ती शंका आपल्या बाबतीत उरलेली नाही.

ॲसिटाझोलामाइडने मुंग्या येणे हा ठाऊक असलेला परिणाम आहे आणि तो धोक्याचा नाही. मूतखड्याची शक्यता मात्र वाढते, तेव्हा त्याने दिवसभर भरपूर पाणी प्यावे. गोळीचा उपयोग किती होतो हे झटक्यांची तारीखवार वही ठेवल्याखेरीज ठरवता येत नाही. आजपासून वही घाला. त्याच वर्गातले डायक्लोरफेनामाइड हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये खास पिरिऑडिक पॅरालिसिसच्या आजारांसाठी मंजूर झाले. औषध कायम ठेवायचे की नाही हे वर्षभराच्या वहीवरून आपल्या तज्ज्ञांना ठरवू द्या. झटके पुष्कळदा पस्तिशी-चाळिशीनंतर विरळ होतात, परंतु काही रुग्णांत मांड्या आणि कंबरेचे स्नायू कायमचे दुबळे होऊ लागतात, म्हणून झटके नसतानाही वर्षातून एकदा स्नायूंची ताकद तपासून घेणे आवश्यक आहे.

सुदामानगर, दोन मुलांची आई

माझ्याकडे हाच आजार दुसऱ्या जनुकामुळे, म्हणजे एससीएन४ए मुळे आहे, आणि डॉक्टरसाहेबांच्या लिहिण्यात मला एवढीच भर घालायची आहे की मला ॲसिटाझोलामाइड सुरू केल्यावर झटके कमी होण्याऐवजी वाढले. पहिले दोन महिने मी ते कोणाला सांगितलेच नाही, कारण मला वाटले की माझेच पथ्य चुकते आहे. नंतर ती गोळी बंद करून स्पायरोनोलॅक्टोन हे दुसरे औषध दिल्यावर बरे वाटले. आपल्या मुलाचे जनुक वेगळे असल्यामुळे तसे होईलच असे नाही, तरी वही ठेवण्याचा सल्ला मनावर घ्या.

मुलीबद्दल आपण विचारले आहे. प्रत्येक मुलामागे दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी; परंतु स्त्रियांना झटके कमी येतात आणि पुष्कळजणींना आपल्यासारखे कधीच येत नाहीत. माझ्या मते तपासणी करावी. तिला आजारी ठरवण्यासाठी नाही. तिला कधी अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले किंवा पुढे बाळंतपण आले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असावे यासाठी. माझ्या सिझेरियनच्या वेळी भूलतज्ज्ञांनी ग्लुकोजचे सलाईन टाळले, अंग गार पडू दिले नाही आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासले. तपासणीपूर्वी मुलीला तिच्या वयाला समजेल अशा भाषेत सर्व सांगावे, आणि शक्य असेल तर जनुकीय सल्लागारांशी एकदा बोलावे.

आणि ताई, दोष आपल्या रक्तातून आला हे आपण ज्या रीतीने लिहिले आहे ते वाचून मला राहवत नाही. माझ्या थोरल्यालाही तो माझ्याकडूनच मिळाला आहे. रिपोर्ट हातात घेऊन मी किती रात्री बसले होते ते मला आठवते. त्याच रिपोर्टमुळे आता त्याच्या दप्तरात योग्य औषध आहे.

राजेंद्रनगरची आई, इंदूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कालच मी माझ्या आत्याला दूरध्वनी करून बाबांबद्दल विचारले. त्या आता ८१ वर्षांच्या आहेत. त्यांनी सांगितले की बाबांना हमखास त्रास व्हायचा तो होळीच्या दुसऱ्या दिवशी. पुरणपोळीवर त्यांचा जीव होता आणि होळीच्या रात्री ते सहा-सात पोळ्या सहज खात. धुळवडीच्या सकाळी ते अंथरुणातच पडलेले असत, आणि वाड्यातले लोक समजत की यांनी भांग घेतली आहे. बाबांनी जन्मात भांगेला हात लावला नव्हता. चार दिवसांनी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला ते आम्हाला खांद्यावर घेऊन राजवाड्यापर्यंत चालत नेत, त्यामुळे लोकांचा तो समज आणखीच पक्का होई. आत्या सांगत होत्या की ते या बोलण्यावर कधी काही बोलले नाहीत, फक्त पुढे पुढे होळीला शेजाऱ्यांकडे जायचे त्यांनी बंद केले. हे ऐकल्यापासून माझे मन कशातच लागत नाही.

मुलाला मी हे सर्व वाचायला दिले. लोकमान्यनगरच्या काकांचे लिहिणे त्याने दोनदा वाचले. पुढच्या अनंत चतुर्दशीला तो आखाड्याबरोबर चालेल, लाठी थोडाच वेळ फिरवील आणि घरी येताना चालत येईल, असे त्याने स्वतःच ठरवले आहे. शाळेच्या प्राचार्यांना भेटून आले. बारावीच्या परीक्षेसाठी तळमजल्यावरची खोली मिळावी आणि झटका आल्यास काय करावे याबद्दल अर्ज व वैद्यकीय प्रमाणपत्र आधीच द्यावे, असे त्यांनी सांगितले आहे.

त्याच्या पाकिटात ठेवण्यासाठी मी पुढील मजकूर तयार केला आहे. डॉक्टरसाहेब, तो आपण एकदा तपासून द्यावा, ही विनंती.

‘मला हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस हा आनुवंशिक आजार आहे. झटक्यात माझे हातपाय हलत नाहीत, परंतु मी शुद्धीवर असतो आणि मला सर्व ऐकू येते. मला ग्लुकोजचे सलाईन लावू नये. रक्तातले पोटॅशियम आणि ईसीजी ताबडतोब तपासावा. पोटॅशियम तोंडावाटे द्यावे.’

निवृत्त डॉक्टर, इंदूर

मजकूर चांगला आहे. यात तीन भरी घालाव्यात. पहिली, मुलाचे वजन आणि आपल्या तज्ज्ञांनी ठरवलेले औषधाचे प्रमाण त्यांच्या सहीनिशी लिहून घ्यावे. वजन वाढेल तसा कागद बदलावा. दुसरी, ‘पोटॅशियम देताना रक्त पुन्हा पुन्हा तपासावे आणि पातळी सामान्य होताच थांबवावे’ हे वाक्य शेवटी असावे. तिसरी, भूल देण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना आजार कळवावा, विशेषतः भुलेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात त्या सक्सिनिलकोलीन या औषधाबाबत, कारण या जनुकातल्या काही दोषांत भुलेच्या वेळी ताप झपाट्याने चढण्याचा धोका नोंदला गेला आहे.

आणि हाच मजकूर हिंदीत एका बाजूला आणि इंग्रजीत दुसऱ्या बाजूला छापून घ्या. सलाईनची बाटली लावणारी परिचारिका तो कागद डॉक्टरांच्या आधी वाचणार आहे, तेव्हा ग्लुकोजचे वाक्य सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत असू द्या.